पालकाची सही

बोधीची गं फांदी, गेली दर्याच्या पल्याड
माज्या जानकाला दावा, कुनी एकदा ते झाड...

जात्याच्या घरघरीत मिसळलेला आईचा हा आवाज जानकाबाईला ऐकू आला तो मंचरात, जिनेशच्या ऑफिसात, सकाळी अकराच्या सुमाराला, एसीच्या गार वाऱ्याखाली बसलेली असताना. येडगावचं घर, पिठाचा कोमट वास, आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत टेकलेलं डोकं. मांडी जात्याच्या फेऱ्याबरोबर हलते म्हणून आपणही हलतो आहोत आणि हे असंच चालू राहणार आहे, अशी सहा वर्षांच्या पोरीची खात्री. विहारात कुणा भन्तेंनी सांगितलं होतं, की एका राजाच्या लेकीनं पिंपळाची फांदी जहाजातून लंकेला नेली आणि ती तिथं रुजली. आईनं ते ऐकलं आणि दुसऱ्याच पहाटे दळणात घालून टाकलं. धम्म घेऊन तेव्हा दहा-अकरा वर्षं झालेली. ओवीतले जुने देव आईनं सोडले होते, ओवीची चाल मात्र तीच ठेवली होती. कुकडीच्या पुरापेक्षा मोठं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. दर्या म्हणताना ती आवाज थोडा लांबवायची, तेवढाच तिचा दर्या.

आवाज आला आणि गेला, कारण जिनेश हसत होता. मंचरच्या पेठेत त्याच्या आजोबांपासूनचं कापडाचं दुकान. त्याच्या माडीवर यानं सहलींचं ऑफिस थाटलं होतं. अनुराधपूर, कँडी, कोलंबो. आठ दिवस, दोन म्हातारी माणसं, दोन नातवंडं. पासपोर्ट झाले, तारखा ठरल्या, आणि आता मुलांच्या संमतीपत्राचे दोन कागद त्यानं टेबलावर उलटे करून तिच्या नवऱ्यापुढं, भागुजींपुढं सरकवले होते. ‘पालकाची सही’ असं छापलेल्या रेघेवर भागुजींची सही होती. दोन्ही कागदांवर. लांब, तिरकी, खाली दोन टिंबं दिलेली.

“काका, पालक म्हणजे तुम्ही नाही,” जिनेश म्हणाला. “तुम्ही आजोबा. इथं कपिलभाऊंची आणि वहिनींची सही पाहिजे.”

भागुजींनी चष्मा चढवला, कागद लांब धरला, जवळ धरला. वीजमंडळात वायरमन म्हणून खांबावर चढण्यात आयुष्य गेलं त्यांचं. चूक झाली की आधी हात बघायची सवय होती. तसा त्यांनी आत्ताही हात बघितला. “आता काय सांगू राव,” ते म्हणाले, “शाळंचा कागद आला, केली सही. वसतिगृहाचा आला, केली सही. कालिजाचा आला. ती रेघ दिसली की हात आपसूक जातो.”

“हात गेला ते ठीक, पण त्याला वीस वर्षं झाली काका.”

दोघंही हसले. जानकाबाईही हसली, पण हसता हसता तिची नजर त्या रेघेवर अडकून राहिली. पालकाची सही. भागुजींचं नाव, खाली दोन टिंबं. हीच सही, असल्याच रेघेवर, तिनं एकदा घडी घालून लपवून ठेवली होती. तिला खुर्चीत जरा घट्ट बसावंसं वाटलं, एस.टी. वळण घेताना बसतात तसं. जिनेशनं नवे कोरे कागद छापून दिले. सोमवारपर्यंत आणून द्या काकू, म्हणाला, नाहीतर तारीख जाईल, वैशाखी पौर्णिमेला तिकडं खोली मिळणं अवघड. तिनं ते कागद पर्समध्ये ठेवले. पूर्वी लसींच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या ठेवायची तितक्या जपून.

परतीच्या गाडीत भागुजी खिडकीशी बसले आणि कळंब यायच्या आत डुलक्या घेऊ लागले. जानकाबाई बाहेर बघत होती. टोमॅटोची क्रेट भरलेले टेम्पो, द्राक्षबागांवर टाकलेली जाळी, उन्हात पांढरा पडलेला रस्ता. सगळं ओळखीचं, आणि सगळ्यावर या दोन महिन्यांत एक निराळीच झिलई आली होती. परदेशी जायचं ठरल्यापासून तिला गावातल्या वस्तू नीट दिसायला लागल्या होत्या. फडताळातली पितळी डबी, ओट्याचा फुटका कोपरा, हे इथं आठ दिवस आपल्यावाचून असणार, असं मनात यायचं आणि त्या वस्तूंची कीव यायची. सहलीची कल्पना मूळची यशोधराची, कपिलच्या थोरलीची. सातवीतली पोरगी, मोशीच्या फ्लॅटमधून फोनवर तोंड दाखवत तिनं अटच घातली होती: आज्जी, आबा, मी आणि सुमेध. मम्मी-पप्पा नकोत. ते सारखे फोनवर असतात आणि ऊन लागेल म्हणतात. सून स्नेहा मागून म्हणाली होती, न्या बाई न्या, मला आठ दिवस सलग झोपायला मिळेल. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. सुमेधची यादी निराळी, त्यात हत्ती पाच वेळा. भागुजींनी चाकांची बॅग आणली आणि अंगणात ओढायचा सराव केला, शेजारचा रखमाजी कुंपणावरून म्हणाला, पावणं, गाडी किती वाजताची? तर भागुजी म्हणाले, इमान हाय, गाडी न्हाई. आन् ते न्हाई थांबत तुमच्या आळेफाट्याला. ठेचा न्यायचा का नाही यावर दोन दिवस वाद झाला. न्यायचा ठरला.

एवढं सुख तिला सोसत नव्हतं असं नाही. चांगलं सोसत होतं. पस्तीस वर्षं नर्सबाई म्हणून वाड्यावस्त्या पायाखाली घातल्या, रात्री-बेरात्री बाळंतपणं केली, किती गावं झाली त्याची गणती नाही. पण ते सगळं कुणाच्या तरी दुखण्याच्या मागं जाणं. आपल्या पायांनी, आपल्या हौसेनं कुठं गेली ती? भागुजी तिला आजही हाकेला नर्सबाईच म्हणतात. त्या हाकेत लाड आहे आणि थोडी थट्टा आहे, आणि जानका नावाची मुलगी मात्र त्या हाकेत कुठं नाही, हे तिला कधी कधी वाटतं आणि मग ती ते वाटणं झटकून कामाला लागते.

गाडी नारायणगावात थांबली, भागुजी जागे झाले, उसाचा रस घेतला, दुसऱ्या गाडीनं बोरीला आले. घरापासून नदी जवळ. काठाच्या दरडीत पांढऱ्या मातीचा एक थर आहे. शिकलेली माणसं पुण्याहून, त्याच्याही पलीकडून येतात, चमच्यानं ती माती खरवडून पुड्या भरतात. सांगतात, की ही माती नव्हे, राख आहे. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापार एक डोंगर फुटला, त्याची राख वाऱ्यावर इथवर आली. मागल्या दिवाळीत यशोधरा ती राख चिमटीत धरून म्हणाली होती, म्हणजे आज्जी, परदेश आपल्याकडं आधीच येऊन गेलाय, आता आपण फक्त परतभेटीला जायचं. जानकाबाईनं ते वाक्य मनात किती वेळा घोळवलं. लग्न होऊन आल्यापासून त्या थरावरून ती बैलं नेत होती, धुणं वाळत घालत होती. आपल्या पायाखाली दर्यापारचं काही आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आता मध्ये ही रेघ.

कपिल सही करील, तिनं स्वतःला समजावलं. का नाही करणार? पण दोन महिन्यांत तो एकदाही हो म्हणाला नव्हता. बघू, म्हणाला होता. या घरात बघू म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. कपिल बापाशी बोलतो, नाही असं नाही. मोटार जळली का, लाइट कधी येते, बोअरला पाणी किती. वायरीतून जावं तेवढं आणि तसं बोलणं. बाकीचं सगळं आईच्या मार्फत. दादांना सांग, दादांना विचार. माणसाला वाटावं स्वभावच तसा. पण जानकाबाईला तो स्वभाव कुठल्या दिवशी जन्मला ते माहीत होतं. इतर शेकडो पोरांच्या जन्मतारखा तिनं रजिस्टरात घातल्या, तशी ही एक मनात घातलेली होती.

कपिल सातवीत होता. शाळेची सहल निघाली, मुरुड-जंजिरा, दोन मुक्काम. त्यानं कागद आणला आणि चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचला: होडीतून किल्ला, वाळूत खेळ, शंख-शिंपले. भागुजींनी जेवता जेवताच डाव्या हातानं कागद दाबून धरून सही केली. पालकाची सही, खाली दोन टिंबं. पोराचं तोंड कसं फुललं होतं. आणि मग झोपताना त्यानं विचारलं, आई, तुला काय आणू समुद्रातून? शंख आणू का? अगदी बाप्या माणसानं घरच्या पोरीला विचारावं तसं. जानकाबाई तेव्हा पस्तिशीची. अंधारात ती बराच वेळ जागी पडून राहिली. सकाळी पोरगं नदीवर गेलेलं असताना तिनं कागद उचलला, घडी घातली आणि लसीकरणाच्या रजिस्टरात ठेवून दिला. मग रजिस्टर उपकेंद्रात गेलं, कागद कुठं गेला देव जाणे, आणि पोराला तिनं सांगितलं, दादा नको म्हणतात. समुद्राचं पाणी वाईट, म्हणतात.

का सांगितलं? त्याचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. कुशाबा. तिचा धाकटा भाऊ, येडगावचं धरण नवं होतं तेव्हा बुडाला. सोळा वर्षांचा. जिच्या घरात असं झालं ती बाई पाण्याला भिणारच. हे उत्तर इतकं सरळ होतं, की तिला ते कधी तपासून बघावं लागलं नाही. रात्री केव्हा जाग आली आणि पोराचं ते तोंड आठवलं, की ती कुशाबाला उभा करायची आणि कुशाबा बिचारा ओल्या कपड्यांनी येऊन उभा राहायचा.

सहल निघाली त्या सकाळी कपिल शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आला. आला तो बापाच्या समोरून न बघता आत गेला. भागुजी सायकल पुसत होते. फडका थांबला. त्यांनी दाराकडं बघितलं, मग तिच्याकडं. एकदाच. काही विचारलं नाही. संध्याकाळी पोराला म्हणाले, पुढल्या साली जाऊ आपण. पुढल्या साली कपिलनं सहलीचा कागद घरी आणलाच नाही. त्या गोष्टीला तीस वर्षं होत आली, आणि एवढ्या वर्षांत भागुजींच्या तोंडून त्यावर एक शब्द नाही. त्या न बोलण्याशेजारी ती झोपली, उठली, म्हातारी झाली.

रविवारी कपिल, स्नेहा आणि मुलं सकाळीच आली. चैत्राचं ऊन. मळ्यातल्या चिंचा झोडून आणलेल्या होत्या, त्या ओट्यावर ओतल्या होत्या. दर साली याच दिवसांत सगळ्यांनी बसून चिंचा फोडायच्या, टरफल काढायचं, दगडानं ठेचून चिंचोके वेगळे करायचे. स्नेहा आणि यशोधरा आत बॅगा मोजत होत्या. अंगणात सुमेध चाकांच्या बॅगेवर बसला होता आणि आबा त्याला ओढत होते. ओट्यावर मायलेक समोरासमोर. ठक, ठक. आंबट वास, बोटांना चिकटणारा गर, माशा. संमतीपत्राचे कागद तिनं चिंचोक्यांच्या पाटीखाली दाबून ठेवले होते, पेनासकट.

“तेवढी सही करून टाक,” ती म्हणाली.

“हात चिकट आहेत, आई.”

ठक, ठक. ती थांबली. पोरगं खाली मान घालून चिंचोके निवडत होतं. एक्केचाळीस वर्षांचं पोरगं, कानाशी पांढरं झालेलं. मग तो बोलायला लागला तो चिंचेकडंच बघून. स्नेहाची ना नाही, म्हणाला, मुलांचीही हौस आहे, मला कळतं. तुम्ही सांभाळाल हेही कळतं. बॅगेची चाकं अंगणातल्या खड्यांवरून खडखडत गेली, सुमेध खिदळला, भागुजी धापा टाकत, आवाज चढवून म्हणाले, कोलंबो आलं, उतरा उतरा.

“मला मुरुडला नाही सोडलं त्यांनी,” कपिल म्हणाला. आवाज अगदी शांत. “दोन दिवस. शाळेचे मास्तर होते बरोबर. आणि आता माझी पोरं घेऊन समुद्रापार चाललेत, बॅगेवर बसवून खेळवतायत. मला राग नाही येत, आई. मला एवढंच समजत नाही, की मी का नाही? माझ्याबाबतीत काय असं होतं?”

त्यानं हे तिला विचारलं होतं, बापाला नाही. नेहमीप्रमाणे तिच्या मार्फत. तिनं नेऊन पोचवायचं. जानकाबाईच्या हातातला दगड जड झाला. समोरच्या ढिगातली एकेक चिंच तिला वेगळी दिसायला लागली. हा प्रश्न तीस वर्षं या घरात जेवत होता, नि ती त्याला वाढत होती. आता तो सही होऊन अडला आहे. तोंड मिटून बसलं तर पौर्णिमा जाईल, जिनेश दुसऱ्या कुणाला खोली देईल, मुलं आठ दिवस रुसतील आणि विसरतील. मोठं काही बिघडणार नाही. बाप-लेक मोटारीबद्दल बोलतील. एक दिवस दोघांतला एक जण राहणार नाही.

“दादांनी सही केली होती,” ती म्हणाली. “त्याच रात्री. सकाळी तू नदीवर गेल्यावर मी कागद उचलला. त्यांनी कधी नाही म्हटलंच नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं.”

ठकठक थांबली. कपिलनं तिच्याकडं बघितलं, मग अंगणाकडं. अंगणात बॅग थांबली होती. भागुजींनी ऐकलं होतं का, कुणास ठाऊक. ते पाठमोरे उभे होते आणि सुमेधच्या शर्टाचं बटण लावत होते, एवढ्याशा बटणाला बराच वेळ लागत होता. कपिल उठला. नळापाशी गेला आणि हात धूत राहिला, कोपरापर्यंत, मग तोंड, मग पुन्हा हात. ओल्या हातांनीच बापापाशी गेला.

“तुम्ही का नाही बोललात, दादा?”

भागुजींनी सुमेधला आत पाणी आणायला पाठवलं. मग म्हणाले, “बोलून काय करायचं व्हतं? तुला रागवायला कुनीतरी पायजेच व्हतं. मी दिसभर खांबावर, माज्यावर रागावलास तर तुजं चालून जात व्हतं. तिच्याबिगर तुजं चालत न्हवतं.”

बस्स, एवढंच. कपिल तिथं उभा राहिला आणि एकदम त्यानं बॅगेचा दांडा हातात घेतला, उगाच चाक फिरवून बघितलं, म्हणाला, हे डावं घासतंय, तेल घातलं पाहिजे. घालू की, भागुजी म्हणाले. मोटारीसारखंच बोलणं, पण जानकाबाईला त्यातला फरक ऐकू आला. ओट्याच्या भिंतीला ती टेकली. ऊन पायांवर आलं होतं, ते बरं वाटलं.

कपिल परत आला, हात शर्टाला पुसले, पाटी उचलली, कागद काढले. मांडीवर ठेवून दोन्हींवर सही केली. त्याचीही सही लांब आणि तिरकी. आतून स्नेहाला हाक मारली, ती आली, उभ्या उभ्या सही करून गेली, जाताना म्हणाली, आई, ठेच्याची बरणी मी बघते, तुम्ही तेलकट डबा घेतलाय. सगळं झालं होतं. सोमवारी मंचरला जायचं, कागद द्यायचे. आणि कपिल तिच्याजवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला आणि म्हणाला, “कुशामामामुळं ना? तू घाबरलीस, त्यात काय एवढं. मी असतो तर मीपण घाबरलो असतो.”

किती सोपं होतं. मान हलवायची. पोरानं आपणहून माफी दिली होती आणि ती घ्यायला कुशाबाचा हात पुढं केला होता. कुशाबा तिथंच होता, नेहमीसारखा, निमूट, कुणीही कुठंही उभं केलं तरी उभा राहणारा. आणि जानकाबाईला त्याची भयंकर लाज वाटली. सोळा वर्षांचं पोर, त्याला तीस वर्षं ओलं ठेवलं आपण. तिनं चिकट बोटं पदराला पुसली, ती पुसली गेली नाहीत. माफी चांगली होती, पण ती दुसऱ्याच बाईला मिळत होती, पाण्याला भ्यालेल्या एका गरीब बिचाऱ्या आईला, आणि ती बाई या ओट्यावर बसलेलीच नव्हती. भागुजी येऊन पायरीवर टेकले. तिनं त्यांच्याकडं बघितलं. हे त्यांनाही माहीत नव्हतं. हे एकच असं होतं, जे त्यांनाही माहीत नव्हतं.

“न्हाई,” ती म्हणाली, आणि बोलताना नर्सबाईची भाषा गळून येडगावची आली. “कुशाबा मला मागनं सुचला. पान्याचं भ्या न्हवतं मला. मला तुजा हेवा वाटला रं. तू मला इचारलंस, आई, तुला शंक आनू का? आन् माजं मन म्हनालं, ह्यो बारा वर्साचा, ह्यो जानार, मी पस्तिशीची, मला कुनी इचारलंबी न्हाई जानका तुला बघायचाय का म्हून. मला न्हाई तर कुनालाच न्हाई, आसं झालं मला. आईला आसं व्हतं का? मला झालं. आन् आताबी पोरांच्या हौसंखातर चाललीय आसं समजू नगा कुनी. मलाच जायचंय. पोरं सोबतीला हवीत.”